खेळण्यांच्या डब्यात अडकलेली बचत

थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने संसार उभा करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला बचतीचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. पोस्टाची बचतपत्रे, भविष्य निर्वाह निधी, पाडव्याला घेतलेले थोडेसे सोने आणि अलीकडे म्युच्युअल फंडांचे मासिक हप्ते हा या बचतीचा परिचित राजमार्ग होय. या राजमार्गाला आता अनेक आडवाटा फुटू लागल्या आहेत. जुनी मनगटी घड्याळे, नामांकित कंपन्यांचे बूट, चित्रांचे पत्ते आणि मुलांच्या खेळण्यांचे सीलबंद डबेदेखील 'गुंतवणुकीचे साधन' म्हणून मिळवत्या तरुणांपुढे मांडले जात आहेत. डेन्मार्कमधील लेगो कंपनीचे ठोकळ्यांचे संच या यादीत अग्रभागी आहेत. 'डबा घ्या, उघडू नका, काही वर्षांनी विका. सोन्याहून अधिक मिळेल,' असा हा उपदेश आहे. तो सरसकट खोटा असता तर त्यावर लिहिण्याचे कारणच नव्हते. त्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

लाकडी खेळण्यांपासून संग्राहकांपर्यंत

डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्तियान्सन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनविण्यास प्रारंभ केला. 'चांगले खेळा' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या व्यवसायाचे नाव 'लेगो' असे ठेवले. प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ मध्ये आले. त्यांची आजची रचना, म्हणजे वर गोल खुंट्या आणि आत पोकळ नळ्या, हिचे पेटंट जानेवारी १९५८ मध्ये दाखल झाले. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. खेळण्यांच्या जगात असे सातत्य विरळाच, आणि या मालाला पुनर्विक्रीचे मूल्य लाभण्याचे ते पहिले कारण आहे.

१९९९ मध्ये कंपनीने 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेचे संच परवान्याने बाजारात आणले आणि पुढे प्रौढ संग्राहकांसाठी मोठे, महागडे संच काढण्यास सुरुवात केली. तरीही २००३-०४ च्या सुमारास ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. तेथून ती सावरली आणि २०२४ मध्ये तिची वार्षिक विक्री ७४ अब्ज डॅनिश क्रोनरच्या पुढे गेली. या भरभराटीत भागीदार होण्याची इच्छा कोणाला झाली तरी तो मार्ग बंद आहे, कारण कंपनीचे समभाग शेअर बाजारात नाहीत. तिची मालकी संस्थापकाच्या कुटुंबाची गुंतवणूक कंपनी आणि लेगो प्रतिष्ठान यांच्याकडे आहे. कारखान्याचा नफा मालकाकडे राहतो. संग्राहकाच्या वाट्याला येतो तो केवळ डबा. समभाग लाभांश देतो, मुदत ठेव व्याज देते, घर भाडे देते. डबा यातले काहीच देत नाही. उद्या कोणीतरी आपल्यापेक्षा अधिक किंमत मोजील, ही एकच आशा त्यात साठविलेली असते.

अकरा टक्क्यांचा आकडा

या आशेला आकडेवारीचा आधार मिळाला तो मॉस्को येथील हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या व्हिक्टोरिया दोब्रिन्स्काया आणि युलिया किशिलोवा यांच्या शोधनिबंधातून. १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ संचांच्या किमती त्यांनी अभ्यासल्या. २०२२ मध्ये एका अर्थविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा निष्कर्ष असा की, या संचांनी सरासरी वार्षिक सुमारे ११ टक्के, म्हणजे महागाई वजा जाता सुमारे ८ टक्के परतावा दिला. त्या काळातील सोने, रोखे आणि मोठ्या कंपन्यांचे समभाग यांच्याहून तो सरस ठरला. जगभरच्या वृत्तपत्रांनी हा आकडा ठळक अक्षरांत छापला.

त्याच निबंधातील दुसरा आकडा मात्र तितक्या ठळकपणे छापला गेला नाही. संचागणिक वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे. थोडक्यात, सरासरी मिळविण्यासाठी शेकडो संच हाती असावे लागतात. घरातील कपाटात चार डबे ठेवणाऱ्याच्या वाट्याला सरासरी येत नाही. त्याच्या वाट्याला येते ते त्या चार डब्यांचे नशीब. अतिशय लहान आणि अतिशय मोठे संच मध्यम आकाराच्या संचांपेक्षा चांगले चालले, आणि किंमत वाढू लागते ती उत्पादन थांबल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, असेही हा अभ्यास सांगतो. तोवर पैसा अडकून राहतो. शिवाय हा परतावा बाजारभावांवरून काढलेला आहे. विक्रेत्याच्या हाती प्रत्यक्ष किती पडते, हा वेगळा हिशोब आहे.

तो करून पाहू. दहा हजार रुपयांचा एक डबा घेतला आणि त्याची किंमत खरोखरच दरसाल ११ टक्क्यांनी सात वर्षे वाढली असे समजू. सात वर्षांनी भाव सुमारे २०,७६० रुपये होतो. विक्रीच्या व्यासपीठाचे कमिशन, भक्कम आवेष्टन, वाहतूक आणि विमा मिळून विक्रीमूल्याच्या २० टक्के खर्च धरला तर हातात उरतात सुमारे १६,६०० रुपये. म्हणजे परतावा ११ वरून साडेसात टक्क्यांवर घसरला. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर एप्रिल २०२० पासून पुढे कित्येक वर्षे ७.१ टक्के करमुक्त व्याज मिळत आले आहे. त्यात ना डबा सांभाळण्याची चिंता, ना गिऱ्हाईक शोधण्याची. कपाटातील जागा, सात वर्षांची राखण आणि नफ्यावर लागू शकणारा कर हे तर हिशोबात धरलेलेच नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

दुर्मिळतेची किल्ली कोणाच्या हाती?

खरा प्रश्न याहून खोल आहे. या डब्यांना किंमत येते ती दुर्मिळतेमुळे. आणि ही दुर्मिळता निसर्गाने निर्माण केलेली नाही. सोन्याची खाण कोणाच्या इच्छेने वाढत नाही. दिवंगत चित्रकार नवे चित्र काढू शकत नाही. खेळण्याचा साचा मात्र कारखान्यात शाबूत असतो. एखाद्या संचाच्या किती प्रती काढल्या, हे कंपनी सहसा जाहीर करीत नाही. २०१३ मधील सोनेरी रंगाच्या एका बाहुलीच्या पाच हजार प्रती काढल्याचे तिने सांगितले होते, तो अपवाद. म्हणजे आपण ज्या दुर्मिळतेचे मोल मोजतो, तिचे माप आपल्याला ठाऊक नसते आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते.

या बाबतीत आग्र्याच्या ताजमहालाचे उदाहरण उद्बोधक आहे. २००८ मध्ये लेगोने ताजमहालाचा ५,९२२ तुकड्यांचा संच काढला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ३०० डॉलर होती. त्या काळी कंपनीच्या सर्वांत मोठ्या संचांत त्याची गणना होई. उत्पादन थांबल्यावर दुय्यम बाजारात त्याचा भाव मूळ किमतीच्या अनेक पटींनी चढला, आणि 'खेळण्यातून श्रीमंती' या विषयावरील लेखांतून त्याचे नाव हटकून येऊ लागले. मग २०१७ च्या अखेरीस कंपनीने जवळजवळ तोच संच, अवघा एक तुकडा अधिक घालून, ३७० डॉलरला पुन्हा बाजारात आणला. ज्याने २००८ मध्ये घेऊन भाव चढलेला असताना विकला, तो सुखी झाला. ज्याने त्याची यशोगाथा वाचून चढ्या भावात घेतला, त्याला समोरच्या दुकानात तीच वस्तू मूळ किमतीच्या जवळपास विकली जाताना पाहावी लागली. त्याच वर्षी 'मिलेनियम फाल्कन' या अंतराळयानाच्या २००७ सालच्या, पाच हजारांहून अधिक तुकड्यांच्या संचाची नवी, ७,५४१ तुकड्यांची आवृत्ती आली आणि जुन्या संचाची मिरास संपली.

याच्या उलट उदाहरणही आहे, तेही सांगितले पाहिजे. २००७ मधील 'कॅफे कॉर्नर' हा रस्त्याच्या कोपऱ्यावरील उपाहारगृहाचा संच १४० डॉलरचा होता. नगररचनेच्या एका लोकप्रिय मालिकेतला तो पहिला संच. मालिका पुढे वर्षानुवर्षे चालत राहिल्याने प्रत्येक नव्या संग्राहकाला तो पहिला संच हवासा वाटला, आणि त्याचा भाव अनेक पटींनी चढला. परंतु २००७ मध्ये, ही मालिका एवढी चालेल हे कोणाला ठाऊक होते? यशस्वी संचांची यादी नेहमी मागे वळून केलेली असते. त्यांच्याच शेजारी फळीवर असलेल्या आणि आज कोणी विचारीत नाही अशा डब्यांची यादी कोणी छापत नाही.

सगळेच साठवू लागले तर?

जुन्या संचांचा भाव का चढला, याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. ते मुलांच्या हाती गेले. मुलांनी डबे फाडले, ठोकळे एकमेकांत मिसळले, काही हरवले, माहितीपुस्तके रद्दीत गेली. शंभरातला एखादाच डबा कोणाच्या तरी विसराळूपणामुळे सीलबंद राहिला, आणि त्या एकाला किंमत आली. आज परिस्थिती बदलली आहे. अकरा टक्क्यांचा आकडा वाचून अनेक देशांतील हजारो माणसे डबे न उघडता साठवीत आहेत. सारे एकाच आशेने साठवतात आणि सारे एकाच वेळी, उत्पादन थांबल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, विकावयास काढतात. पूर्वीच्या नफ्याचे कारण असे होते की, नफ्याचा विचार कोणी केला नव्हता. तो विचार सर्वतोमुखी होताच कारण नाहीसे होते. म्हणून १९८७ ते २०१५ चा परतावा पुढील वीस वर्षांची हमी म्हणून स्वीकारणे धोक्याचे आहे.

याचा दाखला खेळण्यांच्याच इतिहासात आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'बीनी बेबीज' नावाच्या कापडी लहान प्राण्यांचे असेच वेड पसरले. कंपनी एकेक नमुना 'निवृत्त' करी आणि त्याचा भाव चढे. माणसांनी ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवले. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारे एक दांपत्य जमिनीवर बसून या प्राण्यांची वाटणी करीत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. थोड्याच काळात बहुतेकांचे मोल मातीमोल झाले, कारण ते खेळण्यासाठी घेतलेच गेले नव्हते आणि म्हणून नष्टही झाले नव्हते. लेगोचा पाया त्याहून भक्कम आहे, कारण ठोकळ्याला स्वतःचा उपयोग आहे. त्यामुळे तो शून्यावर जाणार नाही. परंतु शून्यावर न जाणे आणि सोन्याहून सरस ठरणे यांत मोठे अंतर आहे.

भारतीय ग्राहकाची विशेष अडचण

परदेशातील हिशोब आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. भारताने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह अनिवार्य झाले. देशी खेळणी उद्योगाला उभारी देणे आणि निकृष्ट माल रोखणे हे त्यामागचे हेतू होते, आणि ते योग्यच होते. मात्र डबा 'गुंतवणूक' म्हणून घेणाऱ्याने एवढे ओळखावे की, त्याच्या खरेदीतच शुल्काचा वाटा मिसळलेला आहे. अमेरिकेतील वा युरोपातील संग्राहक तो वाटा भरून देणार नाही, कारण त्याला तोच डबा त्याच्या गावी स्वस्तात मिळतो. म्हणजे विक्री देशातच करावी लागते, आणि येथे जुन्या संचासाठी चढा भाव मोजणारे संग्राहक थोडे आहेत. त्यातच पुढे कधी शुल्क कमी झाले, तर नवे डबे स्वस्त होऊन साठवलेल्या डब्यांचा भाव आपोआप खाली येईल.

दुसरी अडचण हवामानाची. या बाजारात डब्यालाही किंमत असते. पुठ्ठ्याचा कोपरा दबला, सील सुटले, ओल आली की भाव पडतो. मुंबई-कोकणातील पावसाळ्याची दमट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी यांच्याशी सात-आठ वर्षे झुंजत पुठ्ठा कोरा ठेवणे किती कठीण आहे, हे जुनी पुस्तके सांभाळणाऱ्यांना सांगावयास नको. उजेडाने पांढरे तुकडे पिवळे पडतात, चिकटपट्ट्या सुकतात, रबरी भाग तडकतात.

तिसरी अडचण नकली मालाची. चीनमधील 'लेपिन' या नावाने लेगोच्या संचांच्या हुबेहूब नकला कित्येक वर्षे विकल्या जात होत्या; बंद पडलेल्या, चढ्या भावाच्या संचांच्याही नकला त्यांत होत्या. एप्रिल २०१९ मध्ये चिनी पोलिसांनी ग्वांगडोंग प्रांतातील या कारखान्यांवर छापे घातले. परंतु असा धंदा एका छाप्याने संपत नसतो. चोरीच्या मालाचेही तेच. जून २०२४ मध्ये लॉस एंजलिस पोलिसांनी चोरीचे २,८०० हून अधिक डबे हस्तगत केले. स्वस्तात मिळणारा सीलबंद डबा कोठून आला, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य आहे.

पारख कशी करावी?

इतके सांगूनही ज्याला या वाटेने जावयाचे आहे, त्याने किमान काही प्रश्न स्वतःला विचारावेत. दहा वर्षांनंतर हा संच कोणाला आणि का हवा असेल? चित्रपटाच्या लाटेवर निघालेला संच लाट ओसरली की विसरला जातो. स्वतःच्या सौंदर्यावर उभा असलेला टिकतो. तो पुन्हा निघण्याचा संभव किती? जगप्रसिद्ध वास्तूवर वा यानावर आधारित संच पुन्हा निघतो, हे ताजमहालाने दाखवून दिले आहे. प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या भावाने झाले? ब्रिकलिंक या दुय्यम बाजारात विक्रेत्यांनी मागितलेला भाव आणि झालेल्या विक्रीचा भाव यांत पुष्कळ फरक असतो. पाहावयाचा तो दुसरा. हा बाजार २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला, हेही ध्यानी असावे: माल बनविणारा आणि जुन्या मालाची पेठ चालविणारा आता एकच आहे.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: गरज पडली तर हे किती दिवसांत पैशात बदलेल? घरात आजारपण आले, मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे झाले, तर सोने तासाभरात तारण ठेवता येते. मुदत ठेव मोडता येते. खेळण्याच्या डब्यावर कोणती बँक कर्ज देईल? ज्याचे उत्तर 'गिऱ्हाईक मिळेल तेव्हा' असे आहे, ती वस्तू कुटुंबाच्या संकटकाळाची तरतूद होऊ शकत नाही. निवृत्तीची पुंजी, विमा, घराचा हप्ता आणि सहा महिन्यांचा खर्च यांची सोय झाल्यावर उरलेल्या हौसेच्या पैशातून एखादा संच घ्यावयास कोणाचीच हरकत नसावी. परंतु त्याला हौसच म्हणावे. हौसेला गुंतवणुकीचे नाव दिले की तिच्यावरचा लगाम सुटतो; बेताची खरेदी 'भविष्यासाठी' म्हणून बेसुमार होते.

उघडलेल्या डब्याचे मोल

या चर्चेत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लेगोचा उघडलेला, खेळलेला संचही तुकडे पूर्ण असतील आणि माहितीपुस्तक जपलेले असेल तर बरीच किंमत राखतो. सुटे ठोकळेही विकले जातात. फार थोड्या खेळण्यांना हे भाग्य लाभते. तेव्हा सुजाण पालकांस व्यवहार्य सल्ला एवढाच की, संच घ्यावयाचा तर मुलांसाठी घ्यावा, पुस्तक आणि तुकडे नीट ठेवण्याची शिस्त त्यांना लावावी, आणि मुले मोठी झाल्यावर तो धाकट्या भावंडांना द्यावा किंवा विकावा. वर्षानुवर्षांचा आनंद मिळून वर काही रक्कम परत आली, तर याहून चांगला परतावा कोणता?

आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे एकमेकांत ९१,५१,०३,७६५ प्रकारे बसविता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. मुलाच्या बुद्धीला वाव मिळतो तो या अगणित शक्यतांतून. बिलुंडच्या त्या सुताराने आपल्या मालाचे नावच 'चांगले खेळा' असे ठेवले होते. घरातल्या मुलाने काचेआडच्या डब्याकडे पाहून 'हे कधी उघडायचे?' असे विचारावे आणि वडिलांनी 'भाव आला की' असे उत्तर द्यावे, ही बचतीची शिकवण नव्हे. बचत मुलांसाठी करावयाची असते. मुलांच्या खेळण्यातून नव्हे.